टी-२७चं पहिलं पिल्लू

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलले तसाच ठेवला आहे. — दहावी, १९९६ची बॅच)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याच्या नोकऱ्या’. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढलेल्या बाईला गावी बोलावलं की हाच विषय देतात. मी हो म्हटलं, बारा स्लाइडही केल्या. पण परवा नागपूरहून येताना कोंढाळीच्या पुढे जंगल लागलं आणि वाटलं, या लोकांसमोर परत कधी उभं राहायला मिळेल सांगता येत नाही, तर जे खरंच सांगायचं राहून गेलंय तेच सांगावं. संयोजकांची माफी मागते. गोष्ट एका वाघिणीची आहे. मोठ्यांना ती आठवत असेल. मुलांनो, तुमच्यातले मोठे तेव्हा पहिली-दुसरीत असतील. ज्या ऑक्टोबरात आईवडील तुम्हाला घराबाहेर खेळू देत नव्हते, तो ऑक्टोबर.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माल वाहणाऱ्या ट्रकमध्ये एक लहानशी डबी बसवलेली असते. ती उपग्रहांवरून आपली जागा काढते आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून आमच्याकडे पाठवते. पुण्यात बसून मला दिसतं की अमुक नंबरचा ट्रक तळेगावच्या पुढे अर्धा तास उभा आहे. का उभा आहे ते मात्र दिसत नाही. टायर फुटला, ड्रायव्हर जेवतोय, की टाकीतलं डिझेल काढून विकतोय, नकाशावर ठिपका सारखाच.

वाघाच्या गळ्यातली कॉलर म्हणजे हीच डबी. फरक एवढाच, की ट्रकमधली डबी ट्रकच्या बॅटरीवर चालते आणि वाघाला काही चार्जरला लावता येत नाही. म्हणून जागा दर काही तासांनी एकदाच घ्यायची असं ठरवून द्यावं लागतं. जास्त वेळा घेतली तर वर्षभराची बॅटरी दोन-चार महिन्यांत संपते. मोठी बॅटरी लावावी तर वजन वाढतं, आणि कॉलर जनावराच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांपेक्षा जड नसावी असा संकेत आहे. जंगलात मोबाइलची रेंज नसते, तेव्हा ठिपका उपग्रहामार्फतच येतो. शिवाय कॉलरमध्ये एक साधा रेडिओ असतो, तो सारखा टिक टिक करतो. संशोधक हातात अँटेना धरून चहूबाजूंना फिरवतात. आवाज जिकडे मोठा तिकडे जनावर. दोन जागांवरून दिशा घेतली की रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ते बसलेलं. तो अँटेना अगदी आपल्या जुन्या दूरदर्शनच्या अँटेनासारखा दिसतो. माझ्या पिढीने तो कवेलूंवर चढून फिरवलेला आहे. ‘आलं का?’ ‘गेलं!’ ‘आता?’ ‘आलं, आलं, तसाच धरून ठेव!’ वाघ शोधणं म्हणजे बरंचसं तेच.

ही युक्ती काही आजची नाही. अमेरिकेत यलोस्टोनमध्ये क्रेगहेड नावाच्या दोन भावांनी १९६० नंतरच्या पहिल्याच वर्षांत अस्वलांच्या गळ्यात रेडिओ बांधले. आजही तिकडे काळ्या अस्वलांच्या माद्यांचा शरदात कॉलरवरून माग काढतात. थंडीच्या झोपेआधी त्या खात सुटलेल्या असतात, आणि झोपायला कुठे शिरतात ते ठिपक्यावरून कळतं. मग भर हिवाळ्यात तिथे जाऊन पिल्लं मोजायची. पिल्लांच्या गळ्यात काही नसतं. आईचा ठिपका धरून ठेवला की पिल्लं सापडतात. आपल्या बोरमध्येही अस्वलं आहेत, ती जात वेगळी, थंडीत झोपत नाही. पण आपली अस्वलीण पिल्लांना पाठीवर बसवून हिंडते. मोहाच्या दिवसांत पहाटे निघणाऱ्यांपैकी कुणी पाहिलीही असेल. भारतात वाघाला रेडिओ कॉलर लावण्याचं काम डॉ. उल्हास कारंथ यांनी १९९० मध्ये कर्नाटकात नागरहोळेला केलं. आपल्या विदर्भात डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे डॉ. बिलाल हबीब आणि त्यांचे विद्यार्थी वनविभागाबरोबर कित्येक वर्षं हेच करत आहेत.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी अशाच कामावरच्या एका मुलीबरोबर ब्रह्मपुरीकडे दोन दिवस फिरले. मुलगी म्हणजे तिशीतली, पण माझ्याहून बरीच लहान. तिने लॅपटॉपवर एका वाघिणीचे ठिपके दाखवले. मला सवयीने ट्रकच दिसायला लागला: हा डेपो, या फेऱ्या. कारण ठिपके चहूकडे जात होते आणि दर वेळी एका नाल्याशी परत येत होते. ती म्हणाली, “इथे पिल्लं आहेत. आम्ही अजून पाहिलेली नाहीत, पण आहेत.” पुढच्या काही महिन्यांत ठिपके नाल्याकडे परतायचे थांबतील, म्हणजे पिल्लं आईच्या मागे चालायला लागली असं समजायचं. मी वीस वर्षं ठिपके बघते आहे. ठिपक्यात बाळंतपण पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी एका बांधावरून अँटेना फिरवला तर वाघीण तीन-चारशे पावलांवरच्या झुडपात. आणि आमच्या आणि तिच्या मध्ये बायका धान कापत होत्या. मी घाबरून विचारलं, यांना सांगायला नको का? त्या मुलीने सांगायच्या आधीच एक म्हातारी कंबर सरळ करून म्हणाली, “आहे न वो बाई ते तिकडं. सकाळपासून आहे. मोर वरडत होते.” हे लक्षात ठेवा. मी परत त्यावर येणार आहे.

आता आपली गोष्ट.

तिला नाव नव्हतं. कागदोपत्री ती टी-२७ नावाच्या वाघिणीची ‘कब-१’, म्हणजे टी-२७चं पहिलं पिल्लू. वय साधारण दोन वर्षं. मुलांनो, वाघांमध्ये हे वय म्हणजे दहावी पास होऊन घराबाहेर पडायचं. आई आता जवळ करत नाही, आणि आपली जागा आपण शोधायची असते. ब्रह्मपुरीला एवढी जागा कुठे होती? तिथे जंगलाच्या तुकड्याला लागून शेत आहे, शेताला लागून गाव, आणि वाघ भरपूर. तिचे माणसांवर हल्ले झाले, माणसं गेली, आणि जुलै २०१७ मध्ये तिला पकडलं. काही दिवस नागपूरला गोरेवाड्यात ठेवलं आणि २९ जुलैला गळ्यात कॉलर बांधून आपल्या बोरमध्ये सोडलं.

बोर किती मोठं आहे ते आपल्याला माहीत आहे. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला तेव्हा तो देशातला सगळ्यात लहान होता, सुमारे १३८ चौरस किलोमीटर. आणि तिथे वाघ आधीच होते, ज्याचं त्याचं राज्य ठरलेलं. ती थांबली नाही. अडीच महिने चालत राहिली. कारंजा, आष्टीकडची शेतं, तिकडे नागपूर आणि अमरावती जिल्ह्यातली गावं, पुन्हा इकडे. एकूण पाचशे किलोमीटरच्या आसपास चालली असं तिच्या ठिपक्यांवरून निघालं. वाटेत गुरं मारली. माणसंही गेली. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांच्यापुढे मी इथे उभी राहून वाघिणीचं कौतुक करणार नाही.

माझी आई तेव्हा इथे एकटी होती. रोज रात्री फोन. सोयाबीन सवंगायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर सूर्य वर आल्याशिवाय निघत नाहीत आणि चारला परततात. आणि त्यातच शेतीची लाईन रात्रीची. ओलिताला रात्री अकराला जायचं, त्याच रात्री वाघीण कुठल्या शिवारात आहे याचे व्हॉट्सअॅपवर पाच वेगवेगळे निरोप. आपल्या बॅचच्या ग्रुपवर मी तेव्हा मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, की घाबरू नका, कॉलर आहे, ती कुठे आहे हे त्यांना दर काही तासांनी कळतं. आपल्यातल्या एकाने खाली लिहिलं, “त्यांना कळते. मले कळते काय?” मी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे नव्हतं.

ऑक्टोबरात तिला ठार मारण्याचा आदेश निघाला. वन्यप्राण्यांसाठी काम करणारे कोर्टात गेले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आदेश कायम ठेवला. बंदुका घेऊन माणसं मागावर होती. पण गोळी लागलीच नाही. १४ ऑक्टोबरला सकाळी ती आपल्या कारंजा तालुक्यात सिंदीविहिरीला एका शेतात मेलेली सापडली. पिकाला लावलेल्या कुंपणाच्या तारेत करंट सोडलेला होता.

शनिवार होता. सोमवारी वसुबारस, मी दिवाळीला यायला निघण्याच्या तयारीत. ग्रुपवर फोटो आला. आईला फोन केला तर ती म्हणाली, “सुटलो बाई.” मग थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पोरगीच होती न ते.” नाशिक-नगरच्या डोंगरातले आदिवासी वसुबारसेलाच वाघबारस म्हणतात आणि त्या दिवशी वाघोबाची पूजा करतात, हे मला फार नंतर कळलं. ती दोन दिवस आधी गेली.

मला त्या फोटोतली तार दिसत होती. बाकीचे वाघीण बघत होते, मी तार बघत होते. का, ते आता सांगते. हे मी आजवर माझ्या नवऱ्यालाही नीट सांगितलेलं नाही.

सन २०००ची दिवाळी. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला, नागपूरहून घरी आलेली. घरात, गल्लीत मी ‘इंजिनियर पोरगी’. आमच्या मोठेबाबांनी नाल्याकडच्या वावरात तार लावलेली होती, रानडुकरांसाठी. एका रात्रीत डुकरं वावर कसं नांगरून टाकतात ते इथे सांगायला नको. तारेचा फ्यूज सारखा उडायचा. मोठेबाबा म्हणाले, “तू शिकतेस न हेच? सांग मंग काय कराव.” आणि मी सांगितलं. पेन्सिलने आकृती काढून दिली. स्वच्छ, पट्टीने आखलेली आकृती. सरांना आठवत असेल, माझ्या आकृत्यांना नेहमी पूर्ण मार्क असायचे. घरात इतका मान मला त्याआधी कधी मिळाला नव्हता. जेवताना मोठेबाबांनी मला आपल्या शेजारी बसवलं.

भाऊबीजेच्या पहाटे नाल्यापलीकडच्या घरचा बैल त्या तारेत सापडला. रात्री दव पडलेलं, जमीन ओली. काही वेळ लागला नसेल. उजाडायच्या आत मोठेबाबांनी आणि गड्याने तार गुंडाळून आणली. ती मी आमच्या कोठ्यात, कडब्याच्या मागे पडलेली पाहिली. सकाळी बातमी आली, अमक्याच्या बैलाला पान लागलं. मोठेबाबा ओसरीवर बसून म्हणाले, “हो, यंदा साप लय आहेत.” मी चहाचा कप हातात घेऊन तिथेच उभी होते.

त्या घरी दोनच बैल होते. एक गेला की दुसरा निम्माही उरत नाही, हे शेतकऱ्याच्या घरच्या कुणालाही ठाऊक आहे. तोंडावर हरभऱ्याची पेरणी. त्यांचा मुलगा याच शाळेत, माझ्या मागे दोन वर्गांवर होता. बारावीनंतर पुढे शिकणार होता, ते त्या वर्षी सुटलं आणि तो जिनिंगवर कामाला लागला. बैलामुळेच असं मी म्हणत नाही, अशा घरात कारणं एक नसतात. पण मोठेबाबांनी भरपाईचा एक पैसाही दिला नाही, कारण भरपाई द्यायची तर आधी कबूल करावं लागतं. आणि मी सुट्टी संपल्यावर नागपूरला जाऊन विद्युत यंत्रांचा पेपर दिला. चांगला गेला.

मोठेबाबा आता नाहीत. ते नाहीत म्हणून बोलतेय असं कुणाला वाटेल, तर ते अगदीच खोटं नाही.

२०१७च्या त्या फोटोनंतरही मला नाला ओलांडायला तीन वर्षं लागली. गेल्यावर त्याने ओळखलं, बायकोला चहा ठेवायला सांगितला. मी बाजेवर बसून सगळं सांगितलं, आकृतीसकट. तो ऐकत होता. मग म्हणाला, “माहीत होतं आम्हाले.”

मी म्हटलं, “काय माहीत होतं?”

“बैलाच्या पायाले डाग होता न. बापानं पाह्यला. पान लागल्याचा डाग काय तसा राह्यते?”

“मग बोलले काऊन नाही तुम्ही?”

तो हसला. “काय बोलाव ताई? नाल्याच्या अलीकडं तुमची तार, पलीकडं आमची. तुमच्यावर बोट दाखवलं असतं त आमची बी निघाली असती. तवा साऱ्याइच्याच होत्या.”

मी त्याला पैसे देऊ केले. त्याने घेतले नाहीत, आणि रागावलाही नाही, त्यामुळे जास्त अवघड झालं.

माझ्या धंद्यात नकाशावर एखादी गोष्ट नसली की आम्ही म्हणतो, डेटा नाही. त्या वाघिणीच्या बाबतीत डेटा भरपूर होता. ती कुठे आहे हे उपग्रह सांगत होता. तिने कुठे गाय मारली, कुठून नदी ओलांडली, सगळं. फक्त तारा नव्हत्या नकाशावर. सरकारी कागदात तार नसते, ती बेकायदा आहे, रात्री लागते आणि पहाटे निघते. पण कुणाच्या वावरात तार आहे हे गावात कुणाला माहीत नसतं? गुराख्याला माहीत असतं, ओलितवाल्याला असतं, जागलीला जाणाऱ्याला असतं, सकाळी लोटा घेऊन निघणाऱ्याला तर असलंच पाहिजे. त्या धान कापणाऱ्या म्हातारीला जसा वाघ माहीत होता, तशीच तिला तिच्या शिवारातली प्रत्येक तारही माहीत असणार. वाघ तिने आम्हाला आपणहून सांगितला. तार तिने सांगितली नसती. मीही नाही सांगितली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये नागभीडकडे श्रीनिवास नावाचा कॉलर लावलेला वाघ असाच तारेत गेला होता. तो उमरेडच्या प्रसिद्ध ‘जय’चा बछडा. जयच्या स्वतःच्या कॉलरचा सिग्नल एप्रिल २०१६ मध्ये बंद पडला, आणि तो पुन्हा कुणाला दिसला नाही. पुढच्या वर्षी नदीपलीकडे राळेगावच्या बाजूला अवनी. तिच्यावरून झालेली भांडणं तुम्ही टीव्हीवर पाहिली आहेत, मी त्यात पडत नाही. २ नोव्हेंबर २०१८ला ती मारली गेली तेव्हा मागे दहा महिन्यांची दोन पिल्लं राहिली. आईच्या गळ्यात कॉलर नव्हती, त्यामुळे पिल्लं शोधायला धरायचा ठिपकाच नव्हता. कॅमेरे, पाऊलखुणा, हत्ती, असं करत डिसेंबरात त्यातली मादी हाती लागली. तिला पेंचमध्ये वाढवलं, मार्च २०२१ मध्ये कॉलर लावून मोकळी सोडली, आणि आठ-दहा दिवसांत दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीतल्या जखमांनी ती गेली. सगळ्यांच्याच गोष्टी तारेवर संपत नाहीत. पण टिपेश्वरहून निघालेला तो तरुण वाघ, ज्याला पुढे लोक ‘वॉकर’ म्हणायला लागले, तो २०१९ मध्ये आपल्यासारख्याच शेतांमधून, रस्ते ओलांडत बुलडाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला. नऊ महिन्यांत सुमारे तीन हजार किलोमीटर. त्याचे ठिपके मी पाहिले तेव्हा लोक म्हणत होते, काय चालला! मी मनात मोजत होते, याने किती तारा चुकवल्या असतील.

आता मुलांसाठी दोन मिनिटं विज्ञान, मग संपवते. घरातल्या लाइनीचा करंट हा २३० व्होल्टचा आणि अखंड वाहणारा. त्याला हात लागला की स्नायू आवळतात, तार सोडायची म्हटलं तरी सुटत नाही. झटका मशीनमध्ये व्होल्ट हजारांत असतात, ऐकायला ते भयंकर वाटतं. पण तो झटका सेकंदाला एखाद वेळा, आणि तोही सेकंदाच्या अगदी बारीकशा तुकड्यापुरता. जनावराला सणसणीत बसतो, ते मागे उडी मारतं आणि पळतं. मधल्या वेळात तार मोकळी असते, म्हणून ते चिकटून राहत नाही. सौर पॅनेल, बॅटरी आणि मशीन, एवढाच संसार. पण घरच्या लाइनीवरून थेट घेतलं तर ते झटका मशीन नाही, कुणी कितीही म्हटलं तरी. सरांनी हे आम्हाला आठवीत शिकवलं होतं आणि मला ते विसाव्या वर्षी आठवलं नाही.

मागच्या रांगेतले शेतकरी मित्र काय म्हणणार ते मला माहीत आहे. गवत तारेला लागलं की झटका मरतो, दर पंधरा दिवसांनी साफ करावं लागतं. बॅटरी चोरीला जाते. रोही वरून उडी मारते. सबसिडीची योजना आहे, पण कागद फिरत राहतो. आणि नुकसानीचा पंचनामा होईतो दुसरं पीक निघतं. सगळं खरं आहे. माझ्या भावाच्या वावरात गेल्या वर्षी झटका मशीन बसवली, तिची बॅटरी दोनदा गेली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा भाऊ मला फोनवर म्हणाला, “तुझी वाघीण तुले मुबारक.” तिसरी बॅटरी आता घरात असते, संध्याकाळी नेऊन लावतो आणि सकाळी परत आणतो. तरीही चालू आहे.

तर माझं काम एवढंच आहे. मागे चहाच्या टेबलाशेजारी एक वही ठेवलेली आहे. तार कुठे आहे ते तिच्यात कुणीही लिहू नका. कुणी लिहिणारही नाही, मी वेडी नाही. ज्याला झटका मशीन हवी त्याने फक्त गट नंबर आणि किती एकर ते लिहायचं. आमच्या बॅचने आणि १९९८च्या बॅचने मिळून पहिल्या दहा जणांचा वाटा उचलायचं ठरवलं आहे. सबसिडीचा कागद फिरवायचं काम मी पुण्यात बसून करीन, नाहीतरी दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असते. नाल्याकडेची वावरं आधी.

पहिला गट नंबर नाल्यापलीकडचा आहे, त्याने काल रात्री स्वतः येऊन लिहिला. वहीचं पेन दोऱ्याने टेबलाला बांधलेलं आहे. कुणी वाईट वाटून घेऊ नका, ही आपलीच शाळा आहे.